खिशातली न्याहारी

साशंक: भावजी, घरी केलेला, ओट्सचा, फळांचा आणि पौष्टिक, असे चार दावे हा बार एका दमात करतो. त्यातला एक खरा ठरला म्हणून बाकीचे आपोआप खरे ठरत नाहीत. ओट्स चांगले, फळं चांगली, घरचं तर चांगलंच, मग सगळं एकत्र केल्यावर वाईट काय होणार, असं आपण धरून चालतो. पण कुठलीही नेहमीची कृती घ्या. दोन-अडीच कप ओट्स, अर्धा कप मध, थोडं लोणी किंवा तूप, मूठभर सुका मेवा. अर्धा कप मध म्हणजे साधारण १७० ग्रॅम, आणि त्यातली साखर सुमारे १४० ग्रॅम. त्याचे बारा तुकडे पाडले तर एका तुकड्यात जवळजवळ १२ ग्रॅम साखर गेली, मेव्यातली वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. म्हणजे कडक मर्यादा पाळायची ठरवली, तर एक बार खाल्ला की दिवसभराची निम्मी साखर संपली. शिवाय तो मध तुम्ही ओव्हनमध्ये भाजणार. मध तापवू नये हे आयुर्वेदाने सांगितलेलं आपल्या घरात आजीपासून सगळे पाळत आले. हा बार हातात आला की ते विसरायचं का?

उत्साही: वहिनी, मधाबद्दलचं तुमचं सगळं मान्य. पण मध घालायलाच हवा असं कुठे आहे? घरी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की कृतीतला जो घटक पटत नाही तो काढता येतो. मी मध, साखर, गूळ काहीच घालत नाही. २०० ग्रॅम जाड ओट्स, १५० ग्रॅम बिया काढलेला खजूर, दोन चांगली पिकलेली केळी, ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ५० ग्रॅम मनुका, दोन-तीन चमचे तीळ, जवस आणि भोपळ्याच्या बिया, चिमूटभर मीठ, वेलची. ओट्स आधी कढईत मंद आचेवर कोरडेच परततो. परतताना सुरुवातीला ते झाऱ्याला जड लागतात. मग हळूहळू हलके होतात, कढईत सळसळायला लागतात, आणि पिठूळ वास जाऊन खमंग वास सुटतो. तिथे आच बंद करायची. खजूर गरम पाण्यात भिजवून वाटायचा, केळी काट्याने मोडायची, सगळं एकत्र कालवून ट्रेमध्ये घालायचं आणि वाटीच्या बुडाने दाबायचं. बार टिकतो की तुटतो ते या दाबण्यावर ठरतं. कोपरे आधी, मग कडा, मग मध्य. १६० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. ओव्हन नसेल तर केळं वगळून खजुराचा गोळा चमचाभर तुपावर परतायचा, त्यात ओट्स मिसळायचे आणि तूप लावलेल्या ताटलीत वड्या थापायच्या. यात वरून घातलेली साखर शून्य आहे.

साशंक: वरून घातलेली शून्य, आतली किती? १५० ग्रॅम खजुरात ९५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ५० ग्रॅम मनुकांमध्ये ३० ग्रॅम. दोन केळ्यांत पंचवीसेक. बेरीज १५० ग्रॅम. मधाच्या कृतीत मधाची म्हणून जेवढी साखर येत होती, तेवढीच इथे खजूर-केळ्यांमधून आली. तुमच्या बारचं एकूण वजन भाजल्यावर ६०० ग्रॅम भरत असेल, तर त्यातला पाव भाग साखर झाली. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यावरही १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपासच साखर लिहिलेली असते. मग आपण मुलांच्या हातातलं बिस्किट काढून त्यांना नेमकं काय दिलं? एवढंच झालं की बिस्किट खाताना मनाला टोचणी होती, ती बार खाताना राहिली नाही. मला भीती वाटते ती त्या गेलेल्या टोचणीची. बिस्किट माणूस दोन खाऊन थांबतो, कारण ते फार खाऊ नये हे त्याला ठाऊक असतं. पौष्टिक म्हटलेल्या वस्तूचा दुसरा तुकडा उचलताना हात अडखळत नाही.

उत्साही: साखरेचे ग्रॅम सारखे आले म्हणून खाणं सारखं होत नाही. बिस्किटात मैदा, तेल आणि साखर. चोथा जवळजवळ नाहीच. माझ्या एका बारमध्ये, म्हणजे ५० ग्रॅममध्ये, चोथा ४ ग्रॅमच्या आसपास येतो, प्रथिनंही तेवढीच, आणि ऊर्जा १६०-१७० कॅलरी. शेंगदाण्यांची आणि बियांची चांगली चरबी येते. चावायला वेळ लागतो, पोटात जास्त वेळ राहतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेची जी मर्यादा तुम्ही सांगितलीत, ती अख्ख्या फळांतल्या साखरेला लागू नाही, हेही त्याच मार्गदर्शनात आहे. फळातली साखर पेशींच्या आत बंद असते. चोथ्याच्या जाळ्यातून ती सावकाश सुटते. खजूर हे फळ आहे, पाक नव्हे. मधाची आणि खजुराची साखर एकाच खात्यात मांडणं मला पटत नाही. तसं केलं तर आंबा खाणारा आणि आंब्याचं सरबत पिणारा दोघेही सारखेच ठरतील.

साशंक: खजूर अख्खा खाल्लात तर तुमचं म्हणणं बरोबर. पण तुम्ही तो भिजवून मिक्सरमध्ये वाटता. ज्या पेशींच्या भिंतींवर तुमचा सगळा युक्तिवाद उभा आहे, त्या पात्याखाली फुटतात. चोथा राहतो हे खरं, पण साखर मोकळी होते. ब्रिटनमध्ये सरकारी व्याख्येनुसार फळांचा गर आणि लगदा यांतली साखर मोकळी साखर म्हणूनच धरतात, अख्ख्या सुक्या फळांतली मात्र धरत नाहीत. म्हणजे तोच खजूर चिरून घातला तर एका खात्यात, वाटून घातला तर दुसऱ्या खात्यात. शास्त्रज्ञांचंही यावर पूर्ण एकमत नसेल, पण दिशा स्पष्ट आहे. फळाचं रूप जेवढं मोडाल, तेवढं ते साखरेच्या जवळ जातं. शिवाय दातांचा विचार करा. मऊ, चिकट, गोड पदार्थ दाढांच्या खाचांत बसून राहतो. घाईत खाल्ल्यावर चूळ भरायला कोणाला वेळ असतो? केळं खाल्लं तर एवढं चिकटत नाही. तेच केळं खजुराबरोबर भाजून बार केला की दिवसभर दातात राहतं.

उत्साही: बरं, मग खजूर ८० ग्रॅमवर आणतो, मनुका २० ग्रॅमवर, त्याही अख्ख्या. शेंगदाणे वाढवतो. हिशेबाने एका बारची साखर सात ग्रॅमच्या आसपास येते. पण असं केलं की कृती दुसरीकडून हिसका देते, आणि तिथेच मला या पदार्थाचा स्वभाव नीट कळला. बारमध्ये गोड पदार्थ तीन कामं करतो. चव देतो, सगळं एकत्र धरून ठेवतो आणि टिकवतो. चिक्कीचं बघा. गुळाचा पाक कडक होईपर्यंत उकळला की त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. म्हणून शेंगदाणे घट्ट धरले जातात आणि चिक्की कित्येक आठवडे टिकते. गोड कमी केलं की ही तिन्ही कामं दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात. चवीचं काम भाजलेपणाला, वेलचीला आणि मिठाला देता येतं. धरून ठेवायचं काम जवसाच्या पुडीला. ती पाण्यात भिजवली की बुळबुळीत होते आणि चांगली धरते. ओट्सही केळ्यात अर्धा तास मुरू दिले तर त्यांचा स्वतःचा चिकटपणा सुटतो. पण टिकवण्याचं काम करणारं कोणी मिळत नाही. केळ्याचा ओलावा असलेला, कमी गोडाचा बार फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. पावसाळ्यात बाहेर ठेवला तर दुसऱ्याच दिवशी त्याचा भरवसा धरता येत नाही. दुकानातला बार महिनोन्‌महिने कसा राहतो, हे त्यावरून समजतं. तिथे ग्लुकोज सिरप, ग्लिसरीनसारखे ओलावा बांधून ठेवणारे पदार्थ आणि हवाबंद वेष्टन हे काम करतात. घरी टिकाऊपणा सोडून दिला की गोड कमी करता येतं. घरच्या बारचा खरा फायदा मी हा मानतो.

साशंक: ही मांडणी मला पटते, आणि ती पटल्यामुळेच पुढचा प्रश्न येतो. टिकाऊपणा सोडला, गोडही कमी केलं, तर उरले ओट्स. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तर त्यांनी काय द्यायला हवं? ओट्सचं नाव झालं ते बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या चोथ्यामुळे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराच्या धोक्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशेबाने. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं. म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम ओट्स पोटात जायला हवेत. तुमच्या २०० ग्रॅमचे बारा भाग केले, तर एका बारमध्ये १७ ग्रॅमही नाहीत. बीटा-ग्लुकन पाऊण ग्रॅमच्या आत. ३ ग्रॅम गाठायला चार-पाच बार खावे लागतील, आणि तुमच्या पहिल्या कृतीने त्याबरोबर ५०-६० ग्रॅम साखर. ४० ग्रॅम ओट्सची लापशी शिजवली, कांदा-टोमॅटो घालून तिखट केली, तर निम्मं काम एका वाटीत होतं आणि साखर लागत नाही. ज्या गुणासाठी ओट्स घरात आले, तो गुण बारमध्ये आल्यावर सगळ्यात पातळ होतो.

उत्साही: कोलेस्टेरॉलवरचा उपाय म्हणून मी बार कधीच पुढे करणार नाही. कोणी करत असेल तर ती दिशाभूल आहे. पण मी ओट्स निवडले ते पाकिटावरच्या दाव्यासाठी नव्हे, त्यांच्या घडणीसाठी. दाणा सोलून, वाफवून, रुळाखाली चपटा केलेला असतो. वाफवला नाही तर त्यातली चरबी लवकर कडवट होते. त्या वाफेमुळे आणि चपटेपणामुळे तो लगेच ओलावा घेतो आणि शेजारच्या दाण्याला धरतो. ज्वारीच्या लाह्या घालून पाहा. भट्टीतून काढल्या तेव्हा कुरकुरीत असतात, केळ्याचा ओलावा लागला की आक्रसतात. पातळ पोहे चिवट होतात. म्हणून ओट्स हा सांगाडा, त्यात बाकी काय घालायचं ते आपल्या हातात. आणि ओट्समध्येही फरक आहेच. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स जास्त मोडलेले असतात, त्यांनी रक्तातली साखर जाड ओट्सपेक्षा झपाट्याने चढते. चव घातलेल्या पाकिटांत तर मीठ आणि साखर वेगळीच असते. मी जाड, साधेच घेतो.

साशंक: सांगाडा म्हणून तरी तेच का? आपल्याकडे ओट मुख्यतः हिरव्या चाऱ्यासाठी लावतात. पाकिटातल्या ओट्सचा बराचसा भाग ऑस्ट्रेलियातून येतो. इकडे सोलापूर-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात मालदांडी ज्वारी उभी असते, आणि कोकणात, कोल्हापूरकडच्या डोंगरउतारावर नाचणी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ओट्समध्ये ५० च्या आसपास. २०२३ हे भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आणि आपण मात्र मुलांच्या डब्यात परदेशी दाणा घालून त्याला आरोग्य म्हणतो. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू, खजुराचा लाडू, डिंकाचा लाडू हे सगळं खिशात मावणारं, न सांडणारं, हाताने खायचं अन्न आपल्याकडे होतंच की. जे आहे ते बाजूला सारून तेच नव्या आकारात परत आणायचं, आणि नवेपणालाच पौष्टिकपणा समजायचं, याने मला वाईट वाटतं.

उत्साही: वाईट मलाही वाटतं, पण मला तुमच्याइतका विरोध दिसत नाही. निम्मे ओट्स काढून त्या जागी भाजलेलं नाचणीचं पीठ आणि ज्वारीचे पोहे घालता येतात. रंग काळसर येतो, चव जास्त खमंग होते, बार थोडा ठिसूळ होतो, तेवढं चालतं. फळांतही तसंच. पाकिटातल्या सुक्या क्रॅनबेरी बहुतेक वेळा साखरेत मुरवलेल्या असतात, कारण मुळात ते फळ आंबट. टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकातली कच्ची पपई. त्यापेक्षा वसईकडची सुकेळी घ्यावी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. ती बारीक चिरून घातली तर खजूर आणखी कमी करता येतो, आणि ओलावाही वाढत नाही. तासगावच्या मनुका, पुरंदरच्या अंजिरांचे तुकडे, साखर न घातलेली आंबापोळी. पण जुन्या लाडवांबद्दल एक बोलू का? डिंकाचा लाडू बाळंतिणीसाठी आणि थंडीसाठी होता. भरपूर तूप, भरपूर गूळ, त्याला तसंच कारण होतं. गुळात थोडी खनिजं असतात, पण शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच. राजगिऱ्याची वडी पाकावरच उभी राहते. तुम्ही माझ्या बारला जी ग्रॅमची मोजपट्टी लावलीत, ती लाडवालाही लावायला हवी. जुनं आहे म्हणून त्याला सूट द्यायची नाही.

साशंक: सूट देत नाही. गूळ ही साखरच, हे मी मान्य करते, आणि हे घरात सांगितलं तर कोणाला आवडत नाही हेही मला माहीत आहे. पण लाडवाची एक शिस्त होती. तो रोज सकाळी भुकेच्या जागी खायचा नव्हता. थंडीत, एक, दुधाबरोबर. बारला असा ऋतू नाही, वेळ नाही. आणि तुमच्या फळांच्या यादीवरूनच मला सगळ्यात साधी शंका येते. बारमध्ये जे जे आहे ते बार न करताही खाता येतं. एक केळं, मूठभर शेंगदाणे, दोन खजूर. यात वाटायचं काही नाही, भाजायचं काही नाही, फळाची पेशी फुटत नाही, साखर मोकळी होत नाही. ताज्या फळातलं क जीवनसत्त्व वाळवण्यात आणि भाजण्यात बरंच जातं, तेही वाचतं. मग बार नेमकं काय वाढवतो? मला वाटतं तो फक्त आकार वाढवतो. आणि त्या आकारासाठी आपण फळाचं जेवढं मोडतो, तेवढं त्याचं चांगलेपण कमी करतो.

उत्साही: आकाराला तुम्ही कमी लेखताय. सव्वासहाची लोकल पकडणाऱ्या बाईने शेंगदाणे कुठे खायचे, केळ्याची साल कुठे टाकायची? दारातल्या गर्दीत एक हात वरच्या कडीला असतो. दुसऱ्या हाताने जे खाता येईल तेच तिची न्याहारी. नाहीतर दहा वाजता ऑफिसखालच्या टपरीवर वडापाव, किंवा चहा-बिस्किट आणि त्यावर दुपारपर्यंत रेटायचं. मुलांचंही तसंच. शाळेची मधली सुट्टी लहान, त्यात डबा उघडून पोळी-भाजी खाणारं मूल खेळायला उशिरा पोचतं. तुम्ही केळं-शेंगदाणे विरुद्ध बार अशी तुलना करता. माझ्यासमोर तुलना वेगळी आहे. काहीही न खाता बाहेर पडणं, किंवा बार. त्या तुलनेत सात ग्रॅम साखरेचा, ४ ग्रॅम चोथ्याचा बार जिंकतो, आणि चांगल्या फरकाने जिंकतो. अन्नाची किंमत ते कशाच्या जागी आलं यावरूनही ठरवायला हवी.

साशंक: ते कशाच्या जागी आलं, हा प्रश्न मला मान्य आहे. पण त्याचं उत्तर महिन्याभराने बदलतं. सुरुवातीला बार उपाशीपोटाच्या जागी येतो, तेव्हा तो वरदान वाटतो. मग तो पोह्यांच्या जागी येतो, कारण पोहे करायला पंचवीस मिनिटं लागतात आणि डबा फ्रिजमध्ये तयार असतो. मग उपमा जातो, थालीपीठ जातं, घावन जातं. त्या प्रत्येक पदार्थाबरोबर ताटाशी बसणंही जातं. पोह्यांत शेंगदाणे, वर लिंबू पिळलेलं, बाजूला दह्याची वाटी. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने धान्यातलं लोह जास्त अंगी लागतं, दह्याने प्रथिनं येतात, गोड जवळजवळ नाही. घरातल्या घरात पौष्टिकतेचा हा केवढा मोठा व्यवहार आहे! तुमचा बार एकट्याने त्याच्यापुढे उभा राहत नाही. १६०-१७० कॅलरी आणि ४-५ ग्रॅम प्रथिनं ही वाढत्या मुलाची न्याहारी नव्हे, तो खाऊ आहे. खाऊ म्हणून मला त्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. न्याहारीच्या पाटावर बसवलात तर माझी हरकत आहे.

उत्साही: हा फरक मी मान्य करतो. पूर्वी करत नव्हतो. बारबरोबर पेलाभर दूध किंवा एक उकडलेलं अंडं असेल तर मी त्याला न्याहारी म्हणेन. नुसता बार म्हणजे मधला आधार. पण वहिनी, ते पंचवीस मिनिटांचे पोहे कोण करतं? पहाटे उठून पोहे भिजवणं, कांदा चिरणं, गरम-गरम वाढणं, शेवटी स्वतः उभ्याने खाणं, हे तुम्ही केलंत, आईने केलं. घरातल्या पुरुषांना ते कधी दिसलं नाही. बारमध्ये मला हाच न्याय दिसतो. रविवारी तासाभराचं काम, तेही ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही जमणारं. पाक चुकण्याची भीती नाही, फोडणी जळण्याची नाही. मुलगा ओट्स परततो, मुलगी केळी मोडते, मी ट्रे दाबतो. आठवड्यातल्या चार सकाळी तुमच्यासारख्या कोणाचा तरी पाऊण तास वाचतो. पौष्टिकतेच्या हिशेबात चोथा आणि साखर मोजतो तशी करणाऱ्याची झोपही मोजायला हवी.

साशंक: हे तुम्ही म्हणालात याचं मला बरं वाटलं. म्हणूनच याची दुसरी बाजू तुम्हाला सांगावीशी वाटते. तुमच्या घरात रविवारचा ट्रे तुम्ही दाबता. बऱ्याच घरांत तो दाबणारीही तीच असते, जी रोज पोहे करते. मग 'घरी केलेलं' हा शब्द तिच्यावर नवं ओझं टाकतो. दुकानातून बिस्किट आणलं तर ती कमी पडली, असं तिला वाटायला लागतं. पूर्वी बिस्किट आणताना कोणाला अपराधी वाटत नव्हतं. आता ओट्स आणा, बिया आणा, सुकेळी शोधा, आणि हे सगळं नोकरी सांभाळून. घरचं ते चांगलं आणि बाहेरचं ते वाईट, एवढा सोपा भेद मला मान्य नाही. घरी अर्धा कप मध घालून केलेला बार, आणि ज्याच्या पाकिटावर ओट्स, शेंगदाणे, खजूर एवढंच लिहिलंय असा विकतचा बार, यांत विकतचाच चांगला असू शकतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा मध असेल तर ठेवून द्यायचं. एवढं वाचायला शिकवलं तर थकलेल्या बाईला रविवार परत मिळेल.

उत्साही: पाकीट वाचणं शिकायलाच हवं. पण पाकीट वाचायची नजर मला घरच्या ट्रेने दिली. खजूर कमी केल्यावर बार सुटतो, हे हाताने अनुभवलं नसतं, तर विकतच्या बारमध्ये तीन प्रकारची सिरपं का असतात हे मला कधी कळलं नसतं. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांनी अन्नाची प्रक्रियेवरून जी वर्गवारी केली, तिचा गाभा असा की नुसते घटक पाहून भागत नाही, ते कारखान्यात कशासाठी आणि कसे एकत्र केले तेही पाहायला हवं. माझ्या मुलांना ही वर्गवारी माहीत नाही, पण गोड कमी केलं की वस्तू कमी टिकते, एवढं त्यांना या ट्रेवरून कळलंय. पुढे दुकानात महिनोन्‌महिने टिकणारी मऊ, गोड वस्तू दिसली की ती का टिकते, असा प्रश्न ती विचारतील. हे शिक्षण घरी केल्यानेच मिळतं. ओझ्याचं म्हणाल तर ओझं कोणी उचलायचं हा प्रश्न बारपेक्षा जुना आहे, आणि बार विकत आणून तो सुटणार नाही. घरात कामाची वाटणी नीट झाली नाही, तर पाकीट वाचण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडेल.

साशंक: कामाच्या वाटणीवर आपलं एकमत आहे. मतभेद उरतो तो घाईवर. सव्वासहाची लोकल, मधली छोटी सुट्टी, उभ्याने खाणं, हे सगळं तुम्ही गृहीत धरता आणि त्यात बसेल असं अन्न शोधता. मला ते गृहीत धरायचं नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवा असं सांगितलं, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. अंमलबजावणीच्या अडचणी असतील, पण मुलांची सकाळ हा धोरणाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून दिसलं. न्याहारीही तशीच आहे. आपण जर प्रत्येक घाईला खिशात मावणारं उत्तर देत गेलो, तर घाई कमी करा असं म्हणणारं कोणी उरणार नाही. चांगला बार हा मला म्हणूनच वाईट बारपेक्षा जास्त अडचणीचा वाटतो. वाईट बार खाताना निदान काहीतरी चुकतंय हे कळतं.

उत्साही: इथे मी तुमच्याबरोबर पूर्ण येऊ शकत नाही. शाळेची वेळ बदलायला वर्षं लागतात, लोकलची गर्दी कमी व्हायला त्याहून जास्त, आणि मूल उद्या सकाळी भुकेलं असणार आहे. व्यवस्था सुधारेपर्यंत त्याला वाट पाहायला सांगणं मला जमणार नाही. भुकेल्या मुलामुळे शाळेची वेळ बदलली जाईल असंही मला दिसत नाही. उपाशी माणसापेक्षा पोट भरलेला माणूसच वेळ मागू शकतो. पण तुमच्या म्हणण्यावरून एक अट मी स्वतःला घालून घेतो. बार ज्या दिवशी पोह्यांच्या जागी येईल, त्या दिवशी तो का आला हे मला सांगता यायला हवं. लवकरची गाडी होती, कोणी आजारी होतं, रात्री उशीर झाला होता. कारण सांगता आलं नाही, तर तो आळसाने आला.

साशंक: आणि ती कारणं रोजचीच झाली तर? गाडी रोज लवकरची, उशीर रोज रात्रीचा. तेव्हा कारण असेल, आळस नसेल, आणि तरीही घरात पोहे होणार नाहीत. तुमच्या अटीत हे बसत नाही. सात ग्रॅम साखर, जाड ओट्स, चिरलेलं फळ, पेलाभर दूध, इथवर तुम्ही मला आणलंत, आणि अशा बारला मी यापुढे नाव ठेवणार नाही. पण रोज कारण असणाऱ्या घरात हा बार त्या माणसांना सावरतो की त्यांची सकाळ गेली हे त्यांच्यापासून लपवतो, याचं उत्तर कुठल्याही कृतीत मिळणार नाही. मला वाटतं तो लपवतो.

उत्साही: मला वाटतं तो सावरतो. आणि तुम्ही म्हणता ते खोटं आहे हे दाखवायला माझ्याकडे आज काही नाही. एवढंच करू शकतो, की ज्या घरांत रोज कारण आहे, त्यांना बारची कृती देताना नुसती कृती देणार नाही. त्यात साखर किती, ओट्स किती, आणि तो कशाच्या जागी खाताय, हे तीन प्रश्नही देईन. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देऊ शकतो. तिसऱ्याचं उत्तर ज्याचं त्याने, दर आठवड्याला नव्याने द्यायचं आहे.